कागदावरचा पाय

"पडदा तर पडदा. पडद्याआड का होईना, खुर्ची मिळतेय ना?" लॉटीनं पर्स कामाच्या टेबलावर आपटली. "आजवर तेवढं तरी कुणी दिलं होतं?"

"पर्स उचल. खाली धारदार रापी आहे," व्हर्लीन म्हणाली.

"मी काय बोलतेय?"

"ऐकतेय की. गोदामात खुर्ची, तिच्यापुढं पडदा, आणि दुकान बंद झाल्यावर मागच्या दारानं यायचं. पाय आपलाच आहे ना गं, लॉटी? की तोही कुठून चोरून आणलाय?"

लॉटी ही व्हर्लीनची धाकटी बहीण. हॅस्केलसाहेबाच्या घरी ती वीस वर्षं स्वयंपाक करत होती, आणि पडद्याचा हा निरोप त्यानं तिच्याच हाती धाडला होता. टॅलोना गावातलं बुटांचं मोठं दुकान त्याचं. काळ्या माणसाला तिथं बूट विकत घ्यायला कुणाची ना नव्हती. फक्त घेण्याआधी पायात घालून बघायचा नाही. काळा पाय एकदा आत गेला की तो बूट गोऱ्यांना चालत नसे. म्हणून लोक घरूनच कागदावर पाय आखून नेत. हॅस्केलचा नोकर तो कागद बुटाच्या तळाला लावून बघे आणि खोका बांधून देई. चावला तर परत घेणं नाही.

तो कागद आखावा तर व्हर्लीननंच, असं अख्ख्या वस्तीचं मत. नवरा एमॉस गेल्यावर त्याचं चांभारकीचं दुकान तिनं चालवलं, आरी-रापी हाती घेतली. बायकांची कामं बायकांनी करावीत म्हणणारे पाद्रीसुद्धा वर्षभरात तळवे फाटलेले बूट घेऊन दारात आले. पण कागद कितीही नेमका आखला तरी त्याला पायाची लांबी कळते, रुंदी कळते. चवडा किती उंच आहे ते कळत नाही. मग विकत घेतलेले बूट दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे येत. ती त्यांत भिजवलेला मका ठासून भरायची, वरून दोरीनं आवळायची. सकाळपर्यंत दाणे फुगत आणि बूट बोटभर सैल होई. तिचं निम्मं काम या मक्याचंच.

यंदा मात्र चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की दुकानात पाय घालून बघू देत नाहीत तोवर एकही नवा बूट घ्यायचा नाही. ईस्टर आला तरी नाही. त्या ठरावाला पहिला हात व्हर्लीनचा. पुढच्याच आठवड्यात तिच्या खिडकीतून वीट आत आली. तिनं काचेच्या जागी पुठ्ठा लावला, आणि वीट दार उघडं राहावं म्हणून दाराशी ठेवली. चांगली जड आहे, म्हणाली.

पण लॉटीची नात रोवेना ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये सगळ्यांपुढं बायबलचा पाठ म्हणून दाखवणार होती, आणि तिच्या जुन्या बुटांत आता टाचही मावत नव्हती. आजीच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. म्हणून लॉटी आज नको ते बोलून गेली.

"खरं सांगू? लोक पाय घालून बूट घ्यायला लागले तर तुझा मका कोण भिजवेल? म्हणून तुला पडदा नकोय."

व्हर्लीनच्या हातातली आरी थांबली. लॉटीनं पर्स उचलली आणि ती निघून गेली.

ते बोलणं व्हर्लीनला चावत राहिलं, नव्या बुटासारखं. फळीवरच्या जोडांकडं तिचं सारखं लक्ष जाई. निम्म्यांत मका होता, हे खोटं कसं म्हणायचं? अखेर रविवारी चर्चमध्ये ती उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलली. माझी बहीण म्हणते, तुम्ही खुर्चीवर बसलात की माझं निम्मं काम बसेल. खरंय ते. हे लक्षात ठेवा, आणि मग सांगा, पडदा कुणाकुणाला हवाय. मागच्या बाकावरून म्हातारे सिलास काका म्हणाले, मिस व्हर्लीन, तो मका आता कोंबड्यांना घाला. चर्चभर हशा पिकला. पडद्यासाठी हात कुणीच वर केला नाही. लॉटीनंही नाही, पण ती हसलीही नाही.

त्या आठवड्यात व्हर्लीननं वस्तीतले झाडून सगळे जुने बूट शिवले, घासले, आरशासारखे केले. पैसे घेतले नाहीत. लोकांनी अंडी आणली, भेंडीचं लोणचं आणलं. रोवेनाच्या बुटांचं नाक कापून तिनं पांढऱ्या चामड्याचा नवा तुकडा जोडला. शिवण अशी, की हुडकून सापडू नये.

शनिवारी दुपारी दारात हॅस्केल. टाच सैल झालीय म्हणाला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि एका पायातला बूट काढून दिला. व्हर्लीननं तो साच्यावर उलटा चढवला. तेवढ्यात लॉटी रोवेनाला घेऊन आली आणि मालकाला बघून उंबऱ्यातच थबकली.

"बरं झालं, लॉटीही आली," हॅस्केल म्हणाला. "व्हर्लीन, पडदा काढून टाकतो. समोरच्या खुर्चीवर, दिवसाउजेडी बसायचं. आत्ता चल. या पोरीला उद्यासाठी पांढरे बूट माझ्याकडून."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं बघू हळूहळू. आधी तू आणि लॉटीचं घर. तू एकदा बसलीस की लोक समजतील, मिटलं."

लॉटी बहिणीकडं बघत राहिली.

व्हर्लीननं हातोडी खाली ठेवली. फळीवरून पांढऱ्या नाकाचे बूट काढले, गुडघ्यावर बसली आणि रोवेनाच्या पायांत चढवले. अंगठ्यानं पुढून दाबून पाहिलं.

"कुठं लागतंय का?"

"नाही."

"चालून दाखव बरं."

रोवेना हॅस्केलच्या समोरून भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. व्हर्लीननं एक नाडी सैल केली, पुन्हा चालायला लावलं. हॅस्केल बघत होता. त्याचा मोजा अंगठ्याशी विरलेला.

"आता बसला," ती पोरीला म्हणाली.

चर्चमध्ये दोन वाजता पाठांची तालीम होती. व्हर्लीननं एप्रन सोडून खिळ्याला लावला, डोक्यावर टोपी चढवली, रोवेनाचा हात धरला.

"व्हर्लीन, मी काहीतरी विचारलंय," हॅस्केल म्हणाला. "दुकानात काय सांगू?"

लॉटी उंबऱ्यातून बाजूला सरली. व्हर्लीन विटेला वळसा घालून, पोरीचा हात धरून बाहेर पडली. साच्यावर हॅस्केलचा उलटा बूट तसाच होता.