प्रेमदासचं म्हणणं

हिंगोली जिल्हा झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी एसटी डेपोसमोर सायबर कॅफे काढला. तीन कॉम्प्युटर, एक फोनची लाइन, आणि ती लाइन लागली तर लागली. गिऱ्हाईक म्हणजे निकाल बघणारी पोरं आणि फॉर्म भरणारे त्यांचे बाप. मनापासून इंटरनेट वापरणारा माणूस मला सबंध गावात एकच भेटला, प्रेमदास राठोड. कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या तांड्यावरचा. हिंगोलीत एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. पहिल्या एसटीनं यायचा, क्लास उघडेपर्यंत माझ्याकडे कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचा आणि पत्रं वाचायचा. स्वतःला आलेली नव्हे, जगाची.

कॉम्प्युटरला काम सांगायच्या वेगवेगळ्या भाषा असतात, हे मला त्यानंच समजावलं. त्यातली एक त्याची लाडकी. ती कुण्या मालकाची नव्हती, वापरणारेच तिला घडवायचे. भाषेत काही नवं घालायचं असेल तर कुणीही प्रस्ताव लिहून पाठवावा. तो जगभर सगळ्या सभासदांना पोचायचा, सगळे त्यावर भांडायचे, आणि शेवटी दोन-तीन जाणते ठरवायचे.

"आमच्या नसाबीसारखंच हाय हे, धम्माभाऊ," तो एकदा म्हणाला. चेहरा असा, की परमुलखात कुणी ओळखीचं भेटावं.

नसाब म्हणजे तांड्याची बैठक. प्रेमदासचे वडील शंकरसिंग तांड्याचे नाईक होते आणि त्यांची रीत कडक होती. ज्याचं म्हणणं असेल त्यानं उभं राहून एकदा मांडायचं आणि बसायचं. मग कुणी काहीही बोलो, अगदी सात पिढ्या उद्धरो, त्यानं तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं झालं की नाईक त्याचं नाव घेऊन "बोल" म्हणणार. तेव्हा त्यानं पुन्हा उभं राहून एकेकाला उत्तर द्यायचं, आणि नाईक "ऐकलं" म्हणेपर्यंत बसायचं नाही. निकाल बाजूनं लागो की विरोधात, "ऐकलं" मात्र ज्याला त्याला मिळायचंच. पुकारा व्हायच्या आधी बोलणारा माणूस उथळ, अशी तिथली समजूत होती.

दोन हजार चार साली प्रेमदासला स्वतःचं म्हणणं सापडलं. जवळा बाजारच्या एका शाळेला त्यानं गुण भरायचा प्रोग्राम करून दिला होता. तिथले कारकून अमृतराव यांनी एका गैरहजर पोराच्या गुणांच्या जागी अक्षरं दाबली. प्रोग्राम तिथंच मान टाकून पडला, फाइल उघडीच राहिली, आणि सकाळपासून भरलेले सगळे गुण गेले. अमृतराव दोन दिवस त्याच्या नावानं बोटं मोडत होते.

दुसरा कुणी असता तर त्यानं अमृतरावांना दोष दिला असता. प्रेमदासनं भाषेला दिला. फाइल उघडतानाच असं सांगता यावं, की हे काम नीट संपो नाहीतर मधेच मोडो, फाइल आपसूक बंद होईल आणि तिथवरचं लिहिलेलं शाबूत राहील. "गोठ्याच्या फाटकाला आपण दगड बांधतो," तो मला म्हणाला. "माणूस इसरला तरी फाटक लागतंच. तेवढंच मागून राहिलो मी."

तीन महिने तो प्रस्ताव इंग्रजीत लिहीत होता. मी चुका काढायचो. माझं इंग्रजी त्याच्याहून वाईट, पण दुकान माझं होतं.

प्रस्ताव गेला आणि चार दिवसांत चाळीसेक पत्रं आली. प्रेमदासचा आनंद मला अजून दिसतो. कोण कुठले लोक, आणि तांड्यावरच्या माणसाच्या बोलण्यावर तावातावानं भांडत होते! एकाचं म्हणणं, नीटनेटका माणूस आपलं दार आपणच लावतो, त्याला भाषेनं शिकवू नये. दुसऱ्याचं, नवा शब्द घातला तर ज्यांनी तोच शब्द आधी नाव म्हणून वापरला आहे त्यांचे जुने प्रोग्राम बंद पडतील. तिसऱ्या गटाला कल्पनेचं काही नव्हतं. ते दिसतं कसं, ओळ कुठे मोडायची, शब्द कोणता ठेवायचा, यावर वीस पत्रं. बारशाला आत्यासुद्धा एवढं भांडत नाही.

प्रेमदास प्रत्येक पत्र दोनदा वाचायचा आणि दोनशे पानी वहीत उत्तर लिहून ठेवायचा. वहीत. पाठवायचा नाही.

"अरे टाक की उत्तर!" मी म्हणालो. "ते तुला येड्यात काढून राहिले."

"सगळ्यांचं होऊ द्या. मंग विचारतील मला."

"कोण विचारील? तिथं तुझा बाप बसला काय?"

"जाणते हायेत ना. ते बराबर नाव घेतील." मग वही मिटत म्हणाला, "मधीच बोललो तर म्हणतील, याला बसायचंबी कळत न्हाई."

मला राग आला. मी कोपऱ्यातल्या मशीनकडे जायचंच सोडलं. माझा राग हा असाच, नको तिथं येतो आणि हवा तिथं येत नाही.

पंधराव्या दिवशी जाणत्यांपैकी एकाचं पत्र आलं. मांडणाऱ्यानं एकाही आक्षेपाला उत्तर दिलेलं नाही, त्याला स्वारस्य उरलेलं दिसत नाही, सबब प्रस्ताव मागे घेतला असं धरून बंद. स्वारस्य नाही! रोज पहिल्या एसटीनं, कधी पायरीवर उभं राहून येणाऱ्या माणसाला स्वारस्य नाही! प्रेमदासनं ते पत्रही दोनदा वाचलं. "मी शिकलो काय आणि न्हाई काय, येकच," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, आता तरी लिही. तर म्हणे, बैठक उठल्यावर बोलायचं नसतं.

पुढे क्लास बंद पडला, शंकरसिंगांना अर्धांगवायू झाला आणि प्रेमदास तांड्यावर हळद-सोयाबीन करायला परतला. जाताना मेलचा पासवर्ड मला देऊन गेला. "काई आलं तर सांगजा." हिंगोलीत आला की दारातूनच विचारायचा, "भाषेत काय नवीन?" लांब दिलेल्या बहिणीची खुशाली विचारावी तसं. मी म्हणायचो, काही नाही. खरं तर मी बघतच नव्हतो.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी त्या भाषेची जुनी पत्रं सहज उघडली. वर्षापूर्वी दुसऱ्याच कुणी तरी तोच प्रस्ताव आणला होता, आणि या खेपेला तो मंजूर झाला होता. मंजुरीच्या आधीच्या एका पत्रात एका बाईनं लिहिलं होतं: हे प्रेमदासनं चार वर्षांपूर्वी मांडलं होतं. प्रेमदास, तू आहेस का? तुझं म्हणणं आम्हाला ऐकायचं आहे. त्याखाली तिचंच दुसरं पत्र: त्याला वेगळं पत्र टाकलं, ते परत आलं, पत्ता बंद आहे.

फुकटचं खातं, बरेच महिने उघडलं नाही तर बंद होतं. पासवर्ड माझ्या खिशात होता. महिन्यातून एकदा उघडायला मला काय धाड भरली होती?

दोन्ही पत्रं छापून मी तांड्यावर गेलो. अंगणात बाजेवर शंकरसिंग पडून होते, प्रेमदासची बायको शिला त्यांना पेज भरवत होती. मी जे झालं ते सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. प्रेमदासनं कागद वाचला. दोनदा. "नाव घेतलं की," तो म्हणाला. "पुकारलं त्यांनी."

"उशीर झाला रे. मंजूर झालं ते, दुसऱ्याच्या नावानं."

त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. आत जाऊन ती दोनशे पानी वही घेऊन आला, डोक्याला रुमाल बांधला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. "पैला आक्षेप," म्हणाला, "की नीट माणूस दार आपणच लावतो." आणि त्यानं उत्तर दिलं. मग दुसऱ्या आक्षेपाचं. शब्द कोणता असावा, ओळ कुठं मोडावी, सगळ्याचं. आवाज चढवला नाही, कुणाला टोमणा मारला नाही. पाऊण तास बोलला. पेजेची वाटी हातात धरून शिला ऐकत राहिली.

वही मिटली तरी तो उभाच. "बस की रे," मी म्हणालो. बसेना. वही छातीशी धरून समोर बघत राहिला, आणि मला एकदम कळलं तो कशासाठी उभा आहे. पण ते म्हणायचा हक्क माझा नव्हता.

बाजेवर हालचाल झाली. शंकरसिंगांनी धडधाकट हात टेकून मान उचलली. त्यांना यातलं अक्षर कळलं नसणार. वाकडं झालेलं तोंड दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा शब्द फुटला.

"ऐकलं."

मग प्रेमदास खाली बसला.