पुई-लेंगच्या चादरी

"आज लाल तोंडाचा दिस हाय, पोरी. आज उंबऱ्याभाईर पाय टाकला की भांडान लागलंच म्हनून समज."

"आये, मागल्या साली बी ह्येच म्हनलीस. आन भांडान तर घरात बसून बी लागलंयच की आपलं."

म्हातारीने कलिंगडाची बी दाताखाली फोडली, टरफल हातावर घेतलं आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "चपला काढ माज्या. नव्या."

पुई-लेंगला वाटलं, जिंकले.

चिनी नव्या वर्षाचा तिसरा दिवस म्हणजे लाल तोंडाचा. त्या दिवशी कोलोआन गावात कुणी कुणाकडे जात नाही. पण पुई-लेंगला दुसरा दिवस नव्हता. जुगारघरात काम करणाऱ्याला एरवी सुट्टीच्या वेळी कुठल्याच जुगारघरात पाय ठेवता येत नाही. मोकळीक वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांची, आणि त्यातले दोन तिने कामावरच काढले होते.

वीस वर्षं ती पत्ते वाटत होती. आणि वीस वर्षं म्हातारी गावाला सांगत होती, पोरगी हॉटेलात चादरींच्या घड्या घालते. गेल्याच आठवड्यात देवळात शेजारीण सान-सो हिने पुई-लेंगला विचारलं होतं, "डाग कशानं काढता गं तुमी?" तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. म्हातारीला टेबलापाशी उभी करायची, हे काम काय असतं ते दाखवायचं. एकदा तिने बघितलं की चादरी बंद.

बसला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांवर जुगारघरांचं ते दिव्यांचं रान, आणि सगळा जन्म कोळंबी खारवण्यात गेलेली म्हातारी तिकडे कधी फिरकली नव्हती. उतरल्या उतरल्या तिने मान वर केली. सोन्याचे कळस, भिंतीवर धावणारे रंग, जत्रा लोटावी तशी माणसं. पुई-लेंग तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हितं समुद्र हुता," म्हातारी म्हणाली.

"हुता. बुजवला. आता वर बघ."

"हितंच तुजा बा जाळं टाकायचा. हितं, त्या सोनेरी दाराच्या जागी. बोयटं मिळायची."

एका उंच लोखंडी मनोऱ्यावर चढायला तास-दीड तासाची रांग होती. पाव तासात म्हातारीचे गुडघे बोलायला लागले. रांग सोडली. एका हॉटेलात छपराखाली कालवा होता, त्यात नावा, नाववाले गाणी म्हणत होते. म्हातारी काठावर वाकली, बोट बुडवलं आणि चाटलं.

"आये! लोक बघत्यात!"

"गोडं हाय. औषिद घातलंय. असल्या पान्यात नाव घालायची म्हंजी नावेचा अपमान हाय."

मग तिला लघवीला लागली. मग तहान लागली. मग पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून तहान गेली. पुई-लेंग तिला हाताला धरून पुढे नेत राहिली. खरं दाखवायचं ते पुढे होतं.

एका जुगारघरात शिरताना तिने बजावलं, "फोटो न्हाई, मोठ्यानं बोलायचं न्हाई, टेबलाला हात लावायचा न्हाई." म्हातारीने मान हलवली. पत्त्यांच्या एका टेबलाभोवती माणसांचं तिहेरी कडं होतं. पत्ते वाटणारी पोर विशीबाविशीची, पण हात तयार. एक डाव संपला, तिने दोन्ही तळवे उताणे करून वर छताकडे दाखवले.

"हात कुनाला दावती?"

"वरच्या कॅमेऱ्याला. काय लपवलं न्हाई म्हनून. मी बी असंच करते. तू तिचं हात बघ, आये. नुसतं हात बघ."

आणि म्हातारी बघायला लागली. उंची चार फूट आठ इंच. दिसेना, तेव्हा तिने टाचा उचलल्या, आणि मासळीच्या लिलावात पुढच्याचा आधार घ्यावा तसा समोर बसलेल्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवर हात टेकून वर झाली.

डावात बसलेल्या माणसाच्या खांद्याला शिवायचं नाही, नशीब पळतं. हे इथे इतकं ठरलेलं की सांगायचंही कुणाला सुचत नाही. घरी माहजाँगच्या सोंगट्या खेळताना कुणाचा हात लागला तर हीच म्हातारी चटका बसल्यासारखी किंचाळायची.

तो माणूस पत्त्याचा कोपरा फुंकर घालत इंचइंच उचलत होता. पत्ता वाईट निघाला.

"कोन हाय ही थेरडी? माझा डाव बुडवला!"

"थेरडी तुजी आई! तुज्या हातालाच गुन न्हाई!"

"आये, चल—"

"का चल? अरं, माजी पोरगी वीस वर्सं ह्येच पत्तं वाटती! तुज्यासारखं छप्पन्न बघितल्यात तिनं!"

सगळा हॉल वळला. पुई-लेंगने ज्या वाक्याची वीस वर्षं वाट बघितली ते असं आलं, भलत्याच्या अंगावर थुंकल्यासारखं. त्या माणसाने ते उचललंच. "म्हंजी मिळालेल्या हायती ह्या! एक पत्तं वाटती, एक नजर लावती!" दोन रखवालदार आले. पुई-लेंगला ओळखपत्र काढावं लागलं, कुठे काम करते ते सांगावं लागलं, आज तिसरा दिवस आहे हेही. त्यांनी अदबीने दोघींना दाराबाहेर आणून सोडलं. ती पत्ते वाटणारी पोर तेवढी खाली मान घालून ओठ चावत होती.

परतीच्या बसमध्ये म्हातारीने गुडघे चोळले.

"मी म्हनलंच हुतं," म्हातारी म्हणाली. "लाल तोंडाचा दिस."

पुई-लेंगने कपाळ काचेला टेकवलं. "हात तरी बघितलंस का?"

"बघितलं. चांगलं चालत्यात पोरीचं. तुजं बी तसंच चालत्यात?"

"त्याहून चांगलं."

"मग त्या भाड्याला बरा पत्ता द्यायला काय झालं हुतं तिला? भांडानच मिटलं असतं."

वीस वर्षं. कुठला पत्ता येणार हे वाटणाऱ्याच्या हातात नसतं, एवढंही आईला ठाऊक नव्हतं. पुई-लेंगने थांब्याची घंटा दाबली.

गावाच्या चौकात सान-सो दारात उभीच होती. "कुटं गेलतीस गं नटूनथटून?"

पुई-लेंग थांबली. म्हातारीने चपला काढून हातात घेतल्या, तळव्याची धूळ झटकली.

"हिच्या हॉटेलात. चादरी बाकी लई पांढऱ्या हायती."

चौथ्या दिवशी सकाळी सातला पुई-लेंग टेबलामागे उभी होती. समोरच्या पहिल्या गिऱ्हाईकाने डोळे चोळत जांभई दिली. तिने टाळी वाजवली, तळवे उताणे केले, वर दाखवले आणि पहिला पत्ता ओढला.