ए आंबेवाडी!

गोराईहून बोरिवलीच्या बाजारात माठ-मुळा घेऊन येणाऱ्या मावशीला गिऱ्हाइकाचं नाव लागत नाही, वाडी लागते. तिची वाडी म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भाजी पिकवायची जमीन. आम्ही तो शब्द नुसता पत्त्यात लिहितो, हे तिला पटतच नाही. चिकूवाडीच्या बाईंकडे ती चिकू मागते. वाडकर मास्तरांना म्हणते, "आडनावात वाडी, नि मुळा विकत घेता?"

मी 'आंबेवाडी'. आमच्या चाळीत आंब्याचं एकच झाड होतं. त्याच्या चार कैऱ्या नेल्या की ती मुळ्याची जुडी फुकट द्यायची.

यंदा चाळीचा टॉवर झाला. त्याचं इंग्रजी नाव मी ऐटीत सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.

"नि आंबा रे?"

"तोडला. पार्किंग आहे तिथे."

मुळ्याची माती झटकून तिने जुडी दिली आणि कैऱ्यांच्या दिवसांत पहिल्यांदाच पैसे घेतले.

तेव्हापासून बाजारभर ऐकू जाईल अशी हाक येते, "ए पार्किंग, माठ नेतोस ना?"

आणि मी ओ देतो.