ही पाचवी ना गो?

मंडळी, आज मी एका गोष्टीवर हसले आणि दुपारपासून मलाच माझा राग येतोय.

रोह्याहून सासरी गडबला हळदीला गेले होते. माझी धाकटी जाऊ सुनंदा पहाटेपासून चुलीपुढं बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पुरुषांची पंगत उठली, मग आम्ही बायका बसलो. सुनंदानं पाचवी भाकरी घेतली तशी आत्येसासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "ही पाचवी ना गो? पोट हाय का कणगी?"

अख्खी पंगत हसली. मीसुद्धा. खरं सांगा, तुम्ही हसला नसता? सुनंदानं भाकरी गुपचूप टोपलीत परत ठेवली.

तेवढ्यात पेणहून टेम्पोभर पाहुणे उतरले. भाकऱ्या संपत आलेल्या. आत्या म्हणाल्या, "ऊठ गो सुनंदा, चुलीवर बस."

"नाय उठत. माझं जेवण झालं नाय." तिनं तीच भाकरी परत ताटात घेतली. पाहुणे मांडवात ताटकळलेले. शेवटी आत्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. डोळ्यांत धूर, तळव्याला उकडीचे चटके, पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. आठ-दहा झाल्या असतील, पाठ धरली आणि कडकडून भूक लागली. नुकतीच जेवले होते मी!

तिनं किती खाल्ल्या, ते आम्ही सगळ्यांनी मोजलं. थापल्या किती, ते विचारायला मघाशी तिला फोन केला.

म्हणाली, "मी नाय मोजत, ताई."