गमरेकाकांनी परतवलेला माणूस

आमच्या मजल्यावर यायचं तर बुधाजी गमरेंच्या दारावरूनच यावं लागतं. जिना संपतो तिथेच त्यांची खोली, दारात खुर्ची आणि खुर्चीत काका. गॅसवाला असो, कुरियरवाला असो, काकांच्या प्रश्नांतून कोणी सुटत नाही. कोण, कुणाकडे, काय काम. माझ्या मावशीला तर पिशवीत काय आहे तेही विचारलं होतं. सुकट होती. ती उघडून दाखवल्यावरच मावशीला पुढे सोडलं, आणि ती आजतागायत आमच्याकडे यायला कुरकुरते.

सवय जुनी आहे. काका तरुणपणी इथेच परळला गिरणीच्या गेटवर होते. पाळी सुटली की कामगारांची झडती घ्यायची, कोणी डब्यात नाहीतर कमरेला कापड लपवलंय का बघायचं. पुढे गिरणी गेली, तिथे काचेचा टॉवर आला आणि काका निळा गणवेश घालून त्याच जागी उभे राहिले. समोरून येणारा प्रत्येक जण आधी चोर, मग माणूस, हे आयुष्यभर अंगवळणी पडलं. निवृत्त झाले तेव्हा टॉवरचं गेट सुटलं, म्हणून त्यांनी आमचा जिना धरला.

काकांचा कोणावर म्हणून विश्वास नाही. दूधवाला पाणी घालतो, टीव्हीवाले पैसे घेऊन बोलतात, डॉक्टर कमिशनसाठी तपासण्या लिहितात. पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरच्या माणसाने दिलेला चहासुद्धा त्यांनी आधी रामजीला पिऊ दिला होता. रामजी म्हणजे आमचा शेजारी, त्याला फुकटचा चहा कसाही चालतो.

विश्वास फक्त एका गोष्टीवर, 'पंचशील ग्लोबल' या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आमच्या चाळीतून परदेशी गेलेल्यांचा हा ग्रुप. विकास टोरांटोला, दीपिका ऑकलंडला, काकांची लेक प्रिती मस्कतला, शिवाय आणखी काही जण. चाळीतल्या माणसांपैकी त्यात फक्त काका, कारण त्यांना तिथली मंडळी आपला वार्ताहर समजायची. पुलाखाली डंपरने स्कूटर उडवली, लालबागला मसाल्याच्या दुकानासमोर बाईची चेन खेचली, शीवला सिग्नल तोडणारी गाडी बसवर गेली, हे सगळं आम्हाला टोरांटोहून कळायचं. मधेमधे त्यांची स्वतःची रडगाणी, विकासची फाइल अडकली, दीपिकाच्या नवऱ्याचा व्हिसा पुढे सरकत नाही. मग कोणीतरी विचारायचं, 'काका, चेनचं खरं का?' काका चपला घालून लालबागपर्यंत जायचे, चार दुकानांत विचारायचे आणि परत येऊन टाइप करायचे, 'खरे आहे. मोटारसायकल काळी होती.'

"काका, इथे राहणाऱ्यांचं तुम्हाला पटत नाही आणि सात समुद्रापलीकडच्यांचं बरं पटतं," मी एकदा म्हटलं.

"ते बाहेर बसलेत, अपेक्षा. त्यांचा यात काय फायदा?" काका म्हणाले. वर माझ्याकडे असं बघितलं, जणू मला कोणीतरी पैसे देऊन पाठवलंय.

गेल्या वर्षी प्रितीला दिवस गेले. पहिल्या वेळचं पोटातच गेलं होतं, आणि तेव्हा ती मस्कतला एकटी इस्पितळात पडून होती. नवरा हर्षवर्धन कामावर, सासू हयात नाही. तेव्हापासून कमळाकाकींच्या मनाला ते लागून राहिलं होतं. बाळंतपणाला लेक माहेरी येते, पण प्रितीला डॉक्टरांनी विमानप्रवास करू नको म्हणून सांगितलं. मग काकींनी ठरवलं की आपणच जायचं. जन्मात कधी काही स्वतःसाठी न मागितलेली बाई सरळ म्हणाली, "माझा पासपोर्ट काढा."

काका म्हणाले, "किती दिवस?"

"तीन महिने."

"तीन महिने?" काकांनी विचारलं. तो प्रश्न त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी बऱ्याचदा विचारला, पण काकी फॉर्मच्या फोटोसाठी साडी निवडत होत्या.

दादरला गुरुदत्त नावाचा एक जण झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरून देतो. त्याने अर्ज भरला, नंबर काकांचा दिला, काकींचे अंगठे आणि फोटो झाले. आता पोलीस चौकशी झाली की झालं, असं तो म्हणाला. काकी हिंदमाताला जाऊन मऊ मलमल घेऊन आल्या आणि झबली शिवायला बसल्या.

नेमका त्याच सुमाराला विकासने ग्रुपवर एक इशारा टाकला. परळ-लालबागच्या चाळींत खोटे पोलीस फिरताहेत. साध्या कपड्यात येतात, हातात कागद असतात, घरातल्या बाईचं नाव घेऊन चौकशी करतात आणि नंतर घर साफ करतात. सोबत एका माणसाचा पाठमोरा फोटो. तो फोटो कुठला, कधीचा, कोणाला माहीत नव्हतं. विकासला तो दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरून आला होता. दीपिकाने लिहिलं, 'काका, सांभाळून हां.' बास. काकांना जणू परत गेटवर नेमल्याची ऑर्डर आली.

त्यांनी मजल्यावर फर्मान काढलं. अनोळखी नंबर उचलायचा नाही. अनोळखी माणूस कोणाचंही नाव घेऊन आला तर एकच उत्तर, असं कोणी इथे राहत नाही. सगळ्यांनी तेच सांगायचं, एकानेही फुटायचं नाही. आमच्या चाळीत पाण्यावरून भांडणं होतात, जिन्यात कचरा कोणी टाकला यावरून आया-बहिणी निघतात, पण बाहेरचा माणूस आला की आमची एकी बघावी. संपाच्या काळात पोलीस कार्यकर्त्यांना शोधत यायचे तेव्हापासून हेच चालत आलंय. त्यामुळे काकांचं कोणाला विचित्र वाटलं नाही. मला वाटलं, पण मी दिवसभर ऑफिसात असते.

पुढे काही दिवसांनी काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'आज एक भामटा परतवला.' अंगठे, टाळ्या, निळी हृदयं, सगळं आलं. विकासने लिहिलं, 'काका म्हणजे काका.' काकींना मात्र काकांनी यातलं काही सांगितलं नाही. बायकांना घाबरवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पासपोर्ट आला नाही. प्रितीचे महिने भरत चालले, फोनवर तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसायचा आणि ती रोज विचारायची, "आई, आला का गं?" ग्रुपवर तर्कांना ऊत आला. विकास म्हणाला, पोलिसांना पैसे हवे असणार. दीपिकाला वाटलं, आडनाव बघून फाइल खाली ठेवली असेल. तिचं बोलणं उगाच नव्हतं, आम्ही सगळ्यांनी ते कुठे ना कुठे भोगलंय. काकांचा संशय गुरुदत्तवर. त्यानेच अर्जात मुद्दाम खोट ठेवली, पुन्हा पैसे उकळायला. एका दुपारी त्यांनी दादरला जाऊन भर दुकानात त्याला चोर म्हटलं. गिऱ्हाईकं ऐकत होती. गुरुदत्त बिचारा एवढंच म्हणाला, "आजोबा, स्टेटस तरी बघू द्या."

स्टेटसमध्ये होतं की पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आहे.

मी अर्धी रजा टाकली आणि काका-काकींना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. काका वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होते, वरपर्यंत तक्रार करणार होते, ग्रुपवर फोटो टाकणार होते. पासपोर्टच्या टेबलावर एक मध्यम वयाचा हवालदार होता, चष्मा कपाळावर. त्याने फाइल काढली, काकींचं नाव वाचलं आणि मान वर केली. "आजोबा, ओळखलं का?"

काकांनी ओळखलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मी आलेलो तुमच्याकडे," हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट कंटाळा होता. "आधी फोन केला, दोन-चारदा केला, उचलला नाही. मग स्वतः आलो. तुम्ही बोललात, कमळाबाई गमरे म्हणून कोणी इथे राहत नाही. बाजूच्याला विचारलं, तोपण तेच बोलला. त्याच्या मिसेस, त्यापण तेच. सगळा मजला एकच बोलतो म्हटल्यावर मी काय लिहू?"

बाजूचा म्हणजे रामजी आणि मिसेस म्हणजे कौसल्या. दोघांनी चोख काम केलं होतं.

"कार्ड दाखवायला पायजे होतं तुम्ही," काका कसेबसे म्हणाले.

"दाखवलं ना. तुम्ही बोललात, असली कार्डं फुटपाथवर मिळतात."

काकींनी काकांकडे बघितलं. मी त्या दोघांना लहानपणापासून बघते, पण तशा नजरेने त्यांनी काकांकडे कधी बघितलं नव्हतं. काका जिन्यावरून चढणाऱ्यांकडे बघतात ती नजर होती ती.

हवालदार भला निघाला. पुन्हा चौकशीचा अर्ज कसा करायचा ते त्याने सांगितलं, दोन शेजाऱ्यांना आधार कार्ड घेऊन पाठवा म्हणाला. आम्ही बाहेर आलो. काकी पुढे चालत होत्या, उड्डाणपुलाखाली थांबल्या.

"मुद्दाम केलंत?"

"वेडी आहेस का तू?"

"एवढी वर्षं गेटवर काढलीत. पोलीस रोज यायचे तिकडे. तुम्हाला पोलीस ओळखता येत नाही?"

"साध्या कपड्यात होता गं."

"मला सांगितलंपण नाही तुम्ही. तेव्हाच सांगितलं असतं तर मी धावत गेले असते त्याच्या मागे."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन या आशेने. मला त्यांचा इतका राग आला होता की मी रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.

नव्याने चौकशी झाली, यावेळी रामजी-कौसल्या छान खरं बोलले. पासपोर्ट पुढे यायचा तेव्हा आला आणि काकी मस्कतला गेल्याही. पण त्याआधीच प्रिती बाळंत झाली, दिवस भरायच्या आत. मुलगी झाली. प्रसूती अवघड गेली, रक्त द्यावं लागलं. हर्षवर्धन बाहेर फॉर्मवर सह्या करत होता आणि आत प्रितीजवळ तिचं कोणीही नव्हतं.

प्रितीने इस्पितळातून फोन केला तेव्हा काकी अजून इथेच होत्या. त्या म्हणाल्या, "सरकारी काम आहे बाळा, होतोच उशीर." नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. झालं, प्रितीकडून ते ग्रुपवर गेलं आणि सगळे सरकारवर तुटून पडले. पोलीस असे, पासपोर्टवाले तसे, एका आईला पोचू दिलं नाही. काका खुर्चीत बसून ते वाचत होते. वाचता वाचता त्यांनी टाइप केलं, 'पोलीस खरा होता. मीच त्याला परत पाठवला. चूक माझी.'

कोणाला खरं वाटलं नाही. दीपिकाने विचारलं, 'काका, कोणी दबाव आणलाय का?' विकासला वेगळीच शंका, काका असं लिहिणारच नाहीत, फोन दुसऱ्याच्या हातात पडलाय. त्याने सगळ्यांना सावध केलं आणि काकांचा नंबर ग्रुपमधून काढून टाकला.

काकांनी मला हाक मारली. वाटलं, ग्रुपमध्ये परत घ्यायला सांगणार. ते म्हणाले, "प्रितीला लाव. दिसेल असा लाव." काकी पलंगावर झबल्याला नाड्या लावत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. प्रिती उशीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. काकांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, फोन, कार्ड, फुटपाथ, काही ठेवलं नाही.

प्रिती म्हणाली, "बाबा, मुद्दाम केलंत?"

काकींचे हात थांबले.

"नाही," काका म्हणाले. "मुद्दाम नाही केलं. पण ही तीन महिने गेली तर मी काय करणार, हे रोज डोक्यात होतं. तो माणूस जिना उतरून गेला ना, तेव्हा मला बरं वाटलं. ते खरं आहे."

काकींनी झबलं बाजूला ठेवलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"ऐकलंस ना?" त्या प्रितीला म्हणाल्या. "आता मला बाळ दाखव."