काचपट्टीवरची राखण

मोठ्या आतड्याचा इवलासा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गुलाबी-जांभळी नक्षी दिसते. निरोगी आतड्यातल्या ग्रंथी ओळीनं सरळ उभ्या असतात. परवा एका मुलीच्या काचपट्टीवर त्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या आणि भोवती पांढऱ्या पेशींची ही गर्दी! जंतूचा मात्र मागमूस नव्हता. शरीराचे राखणदारच घर पोखरत होते.

रिपोर्ट न्यायला त्या मुलीची आई आली. "डॉक्टर, पाणीपुरीनंच झालं ना हो हे? वर्षभर तिचं बाहेरचं खाणं बंद केलंय मी. मैत्रिणींकडे जाणंसुद्धा."

मी तिलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. "पाणीपुरीला कशाला दोष देता? या पेशी रक्षणासाठीच असतात. त्या आपल्याच आतड्यावर का उठतात, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

राखण करणाऱ्याला थांबायचं कधी हे कोण सांगणार, असं माझ्या मनात आलं. ती बराच वेळ डोळा लावून बघत राहिली.

मग दारापाशी जाऊन तिनं फोन लावला. "अगं, संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन ये. नाही, मी सोबत येत नाही."