लिटरभर पाणी

"कुठल्या गावचे?" असं विचारत काका समोरच्याचा हात उताणा करायचे. माणूस गाव सांगायचा, मग तालुका. जिल्ह्यापर्यंत पोचेपर्यंत रक्ताची नळी भरलेली असायची. खाडीकाठच्या बोनकोड्याचा कोणी निघाला तर म्हणायचे, "मंग तुमचे रक्तातलं मीठ तपासायला नको. मिठागरवाले आपन."

उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेल्या तुम्हालाही असा कोणी भेटला असेल. काका मूळचे तसल्याच मिठागरांच्या गावचे, शिरवण्याचे. तुर्भ्याच्या आमच्या लॅबसाठी ते कारखान्यांतून, घराघरांतून रक्त गोळा करत. मी तालुक्याच्या गावाहून आलेला, घरातला पहिला पदवीधर. मशीन चालवता यायचं, पण सुईनं शीर काही सापडायची नाही. काकांनी स्वतःची बाही वर केली. "टोच. मी काय काचेचा नाय." तीनदा चुकलो. चौथ्यांदा शीर सापडली, तेव्हा काळानिळा झालेला हात मिरवत ते सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या बीएस्सीला जमलं."

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात काकांना जिना चढताना धाप लागायला लागली. पायही सुजले. हृदयावर ताण आला की ते रक्तात एक हार्मोन सोडतं, त्याची तपासणी आमच्याकडे होते. मीच त्यांचं रक्त घेतलं. आकडा बराच वर आला.

"काका, हृदय दमलंय," मी म्हणालो. "पाणी कमी करा. दिवसाला लिटरभर, बास. आणि डॉक्टरांना दाखवा."

"तू सांगितलंस ना? मंग डॉक्टर कशाला?"

मी पुन्हा आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

गुडघ्यासाठी काका वर्षभर दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या खात होते. मला ते माहीत होतं. त्याच नळीतल्या रक्तातून मूत्रपिंडांची तपासणी करायला दहा मिनिटं लागली असती. मी केली नाही.

तीन आठवड्यांनी मीच त्यांना रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. लघवी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरीणबाईंनी नवे रिपोर्ट पाहिले, मग माझा जुना कागद पाहिला.

"हृदयाचा पंप ठीक आहे यांचा," त्या म्हणाल्या. "हृदय हे हार्मोन सोडतं, पण ते रक्तातून काढून कोण टाकतं? मूत्रपिंडं, यकृत, फुप्फुसं, सगळी मिळून. मूत्रपिंडं मंदावली की ते रक्तात साचतं आणि आकडा चढतो. पायांची सूज, धाप, तीही त्यानंच. गोळ्यांनी ती आधीच थकली होती. त्यात एवढ्या उन्हात पाणी तोडलंत. कोणी सांगितलं तुम्हाला?"

हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कोनी नाय," ते म्हणाले. "माझंच डोकं."

तोंड उघडायला तेवढा एकच क्षण पुरेसा होता, आणि मी खाटेचा नंबर वाचत उभा होतो.

चार महिने डायलिसिस चाललं. मी दर आठवड्याला जायचो, फळं न्यायचो, आणि प्रत्येक वेळी आज सांगू म्हणत परत यायचो. पावसाळा संपता संपता काका गेले.

दिवसकार्य झाल्यावर शिरवण्याला गेलो. काकूंनी फडताळातून एक प्लॅस्टिकची बाटली काढून दाखवली. बाटलीवर लाल नेलपॉलिशची रेघ होती.

"नातीकडून मारून घेतली," काकू म्हणाल्या. "दिवसभरात हितपर्यंतच प्यायचे. जीभ कोरडी पडायची, तरी वर एक घोट नाय. म्हनायचे, पोरगा शिकलेला हाय आपला, उगाच नाय सांगनार."

माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं मला ऊन लागलंय. आत जाऊन त्यांनी माठातलं पाणी तांब्या भरून आणलं आणि माझ्या हातात दिलं. त्या समोर उभ्या होत्या. मी सगळं प्यायलो.